मोजणीच्या जुन्या साधनांवर कारागिराचेही नाव हवे

अंतर मोजायचे जुने इंग्रजी चाक दिसायला साधे असते. आऱ्यांचे लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, धरून ढकलायला लांब दांडा, आणि चालता चालता वाचता येईल अशा जागी बसवलेली पितळी तबकडी. चाकाचा परीघ बहुधा सव्वाआठ फूट ठेवलेला असे आणि त्यामागे हिशेब होता. साडेसोळा फुटांचा एक पोल म्हणजे चाकाचे दोन फेरे. ६४० फेरे झाले की मैल पुरा. चाकाच्या आसापासून दांतेरी चक्रांची एक माळ तबकडीपर्यंत जाते आणि तिथले काटे पोल, फर्लांग, मैल दाखवत राहतात. इंग्लंडात याला वेवायझर म्हणत, हिंदुस्थानातल्या सर्व्हे खात्यात पेरॅम्ब्युलेटर. जॉन ओगिल्बीने १६७५ साली इंग्लंड-वेल्सच्या रस्त्यांचे १०० पट्टीनकाशे छापले, ते अशाच चाकाने रस्ते मोजून.

तबकडीच्या मधोमध एक नाव कोरलेले असते आणि त्याखाली बहुतेक वेळा ‘लंडन’. संग्रहालयाची पाटी ते नाव जसेच्या तसे उतरवून घेते. लिलावातली किंमत त्याच नावावर ठरते. सरकारी कचेरीतल्या नोंदवहीत तर तेवढेही नसते. तिथे ‘चाक, मोजणीचे, नग १’ एवढेच. अशा साधनांच्या बाबतीत नावाची ही पद्धत खोटा इतिहास सांगते असे माझे ठाम मत आहे. अंतर मोजणारे साधन एकदा तयार झाले की संपले असे होत नाही. ते झिजते, ताणते, वाकते, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी ते पुन्हा खरे करतो. तो माणूस बहुधा राजधानीपासून दूर, जिल्ह्याच्या गावात बसलेला असतो. सार्वजनिक पैशाने जपलेल्या, किंवा सार्वजनिक पैशाने भंगारात जाणाऱ्या, प्रत्येक जुन्या मोजणीसाधनाच्या नोंदीत विकणाऱ्याबरोबर घडवणाऱ्याची आणि दुरुस्त करणाऱ्याचीही जागा असली पाहिजे.

आधी लंडनचेच पाहू. तबकडीवरचे नाव हे पुष्कळदा दुकानाचे नाव असते. चाक सुतारकामातल्या चाकवाल्याने केलेले, धाव लोहाराने चढवलेली, आतली चक्रे घड्याळजीने कापलेली आणि अक्षरे कोरणारा आणखी वेगळा. दुकानदार ते सगळे जुळवी, तपासी आणि आपले नाव कोरवून घेई. यात फसवणूक नव्हती, धंद्याची रीतच तशी होती. जबाबदारी दुकान घेत होते. पण जबाबदारी घेणारा आणि घडवणारा एकच, असे आपण आज समजतो ते चूक आहे.

ज्यांची नावे लंडनची म्हणून गाजली ते तरी कुठले होते? जॉन बर्ड, ज्याने वेधशाळांसाठी भिंतीवरची मोठी वर्तुळपादे (ताऱ्यांची उंची मोजायची पाव वर्तुळाची साधने) अंशांत विभागली, तो डरॅम परगण्यातल्या बिशप ऑकलंडचा विणकर. घड्याळांच्या तबकड्यांवरचे विभाग वाकडे दिसतात म्हणून स्वतः कोरू लागला. जेसी रॅम्सडेन, ज्याच्या विभाजन यंत्राने, म्हणजे वर्तुळावर अंशांच्या खुणा आपोआप पाडणाऱ्या यंत्राने, १७७० च्या दशकात सगळा धंदाच पालटला, तो यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सजवळचा आणि सुरुवातीला कापडाच्या धंद्यात उमेदवारी केलेला. एडवर्ड ट्राउटन कंबरलंडचा. आणि रॅम्सडेनच्या कितीतरी आधी, १७३९ च्या सुमारास, यॉर्कच्या हेन्री हिंडलीने वर्तुळाचे सारखे भाग पाडणारे यंत्र आपल्या घड्याळांच्या कारखान्यात बनवले होते. हिंडली लंडनला गेला नाही, यॉर्कलाच राहिला. त्याचे यंत्र जगाला कळले ते मुख्यतः अभियंता जॉन स्मीटनने १७८५ साली रॉयल सोसायटीपुढे त्याची हकिगत मांडली म्हणून. एका मित्राने लिहून ठेवले नसते तर विभाजन यंत्राचा इतिहास रॅम्सडेनपासूनच सुरू झाला असता. परगण्यातल्या कारागिराचे कसब आणि त्याचे नाव यांच्यामध्ये किती थोडे अंतर असते, ते यावरून दिसते: कुणीतरी एक पान लिहिले पाहिजे.

मागणीही बाहेरूनच येत होती. १७५९ साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने मैलाला एक इंच या प्रमाणात परगण्याचा अचूक नकाशा करणाऱ्याला १०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. पहिले बक्षीस १७६५ च्या डेव्हनच्या नकाशासाठी बेंजामिन डॉनला मिळाले. असे नकाशे करायचे तर रस्ते मोजायचे, रस्ते मोजायचे तर चाके आणि साखळ्या हाताशी हव्यात, आणि चाक वाटेत मोडले तर दुरुस्तीसाठी लंडनपर्यंत कोण जाणार? त्या कामासाठी गावोगावचे घड्याळजी होतेच.

आता हीच साधने आपल्याकडे आली तेव्हा काय झाले ते पाहू, कारण माझ्या म्हणण्याचा खरा आधार इथे आहे.

अंतर मोजायच्या साधनाची नियत बिघडते ती हवेने आणि वापराने, हे आपल्या देशात फार आधीपासून ठाऊक होते. अकबराच्या कारभारात जमीन तागाच्या दोरीने मोजत. ती दोरी दवाने, ओलीने आखडे आणि उन्हात सैल पडे, म्हणून बांबूच्या तुकड्यांना लोखंडी कड्या जोडून केलेली जरीब वापरात आणली, असे ऐन-ई-अकबरी सांगते. महसूल कमीजास्त होण्यामागे दोरीचा गुण असतो हे ओळखणारे प्रशासन होते ते. आपल्याकडची शिवशाही काठी पाच हात पाच मुठींची. वीस काठ्या लांब, वीस रुंद म्हणजे बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. काठी ताणत नाही, पण झिजते, फाटते, टोकाशी तुटते. ती कापून बरोबर लांबीची करून देणारा सुतार हा त्या कारभाराचा भागच होता.

इंग्रजांनी साखळी आणली. एडमंड गंटरने १६२० च्या सुमारास रूढ केलेली साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. ८० साखळ्यांचा मैल आणि १० चौरस साखळ्यांचा एकर. मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीत आपल्या ओळखीची ३३ फुटांची साखळी आली, तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे, आणि ३३ फूट चौरसाचा गुंठा. आजही शेताच्या बांधावर बोलताना माणसे आणे आणि गुंठेच बोलतात.

साखळीचा दोष तिच्या सांध्यांत असतो. प्रत्येक कडीला दोन्ही टोकांना डोळे, दोन कड्यांच्या मधे लहान वळी, आणि प्रत्येक डोळा, प्रत्येक वळे ओढताना घासते. १०० कड्यांच्या साखळीत अशा घासणाऱ्या जागा ६०० हून अधिक भरतात. प्रत्येक जागा इंचाचा केवळ शंभरावा भाग झिजली तरी साखळी सहा इंचांनी वाढते. शिवाय चिखल अडकून ती आखूड होते, कड्या वाकून आखूड होते, जोराने ओढल्यावर वळी उघडून लांब होते. आता ३३ फुटांची साखळी तीन इंच वाढली आहे असे धरा. लांबीतली चूक पाऊण टक्का, क्षेत्रातली दीड टक्का. दहा एकर म्हणजे ४०० गुंठ्यांचे शेत या साखळीने ३९४ गुंठे भरेल. सहा गुंठे कागदावरून गेले. पुढच्या पिढीत वाटणी होते, नवी मोजणी बरोबर साखळीने होते आणि ते सहा गुंठे कुणाच्या बाजूला निघाले यावरून दोन भाऊबंद वर्षानुवर्षे कचेरीच्या पायऱ्या झिजवतात.

म्हणून साखळी नेमाने तपासायची असते. दगडी ओट्यावर किंवा पक्क्या खुंट्यांवर बरोबर अंतर आखून ठेवायचे, साखळी त्यावर ताणायची, उघडलेली वळी ऐरणीवर ठोकून बंद करायची, वाकलेल्या कड्या सरळ करायच्या, लांबी जास्तच भरली तर एखादे वळे काढायचे. हे काम तालुक्याचा लोहार करी. सहा गुंठ्यांचा न्याय त्याच्या हातोडीवर अवलंबून होता. इंदापूर तालुक्यात १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी सुरू केलेल्या महसुली मोजणीचे श्रेय आपण त्या दोघांना देतो, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या आधीच्या प्रिंगलच्या मोजणीतले दोष त्यांनी निस्तरले. पण ती मोजणी टिकली कारण साखळ्या खऱ्या राहिल्या, आणि साखळ्या खऱ्या ठेवणारी माणसे त्या कथेत कुठेच नाहीत.

मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची गोष्ट आपल्याला जास्त परिचयाची आहे. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा, म्हणजे जिच्या लांबीवरून पुढचे सगळे त्रिकोण काढायचे ती रेषा, मोजायला घेतली. ५७ दिवस लागले. त्याची पोलादी साखळी १०० फुटांची, अडीच फुटांच्या ४० कड्यांची, रॅम्सडेनच्या कारखान्यातली. मुळात ती ब्रिटिश राजदूत मॅकार्टनीच्या शिष्टमंडळाबरोबर चीनच्या बादशहासाठी भेट म्हणून निघाली होती. ती तिथे स्वीकारली गेली नाही आणि फिरत फिरत लॅम्ब्टनच्या हाती आली. जमिनीवर ती कधी ओढली नाही. तिकाटण्यांवर मांडलेल्या लाकडी खोक्यांतून, वर सावली धरून, शेजारी तापमापके ठेवून ती ताणली जाई. पोलादाची साखळी आणि ही सगळी लाकडी मांडणी मिळून एक साधन होते. आपण त्यातल्या पोलादाला नाव देतो आणि लाकडाला देत नाही.

लॅम्ब्टनच्या अर्ध्या टनाच्या थिओडोलाइटची, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राची, हकिगत तर सगळ्यांना पाठ आहे. १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटले, त्याचे मोठे वर्तुळ वाकले. लॅम्ब्टन तंबूत शिरला आणि सहा आठवडे पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून त्याने वर्तुळ पुन्हा जाग्यावर आणले. मला या हकिगतीतला माणूस फार मोठा वाटतो. पण तिचा खरा अर्थ आपण घेतला नाही. लंडनच्या विल्यम कॅरीच्या दुकानात बनलेले यंत्र तंजावरमध्ये दुसऱ्यांदा बनले. त्यानंतर त्याने दिलेला प्रत्येक कोन हा कॅरीचा जितका, तितकाच तंजावरच्या तंबूतल्या दुरुस्तीचा आहे. लॅम्ब्टन साहेब होता, प्रमुख होता, म्हणून ही दुरुस्ती इतिहासात गेली. १८२३ च्या जानेवारीत हैदराबादहून नागपूरकडे जाताना वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. तिथेच त्याची कबर आहे. विदर्भातल्या कुणा शाळेने तिथे सहल न्यायची ठरवली, तर मुलांना साखळी आणि थिओडोलाइट यांच्याबरोबर दुरुस्तीचाही धडा तिथे शिकवता येईल.

दुरुस्ती करणारा साहेब नसेल तेव्हा काय होते, याचे उत्तर सय्यद मीर मोहसीन हुसेन या नावात आहे. तो अर्काटचा. दागिन्यांच्या बारीक धातुकामातून तो मोजणीच्या उपकरणांकडे वळला. सर्व्हेयर जनरल व्हॅलेंटाइन ब्लॅकरने त्याचा हात ओळखून त्याला कलकत्त्याला आणले. लॅम्ब्टननंतर सर्वेक्षणाचा प्रमुख झालेला जॉर्ज एव्हरेस्ट १८३० साली इंग्लंडहून परतला तो नव्या सामानाचा मोठा साठा घेऊन: ३६ इंची थिओडोलाइट, आणि आधाररेषेसाठी कोल्बीच्या दहा फुटी दांड्या. या दांड्यांत लोखंड आणि पितळ शेजारी जोडलेले असते. उन्हात पितळ जास्त प्रसरण पावते, लोखंड कमी, आणि दोघांना जोडणाऱ्या पोलादी जिभांवरचे दोन ठिपके मात्र एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर राहतात. कलकत्ता, डेहराडून, सिरोंज आणि बीदर इथल्या आधाररेषा या दांड्यांनी मोजल्या गेल्या. सामानाबरोबर हेन्री बॅरो हा लंडनचा उपकरणकारही कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला.

बॅरो कसबी होता, पण एव्हरेस्टचे आणि त्याचे जमले नाही आणि तो १८३० चे दशक संपता संपता परत गेला. एव्हरेस्ट हा तुसडा, कुणाचीही भीड न ठेवणारा माणूस. एतद्देशीयांच्या कौतुकासाठी तो प्रसिद्ध नाही. त्याने बॅरोच्या जागी मोहसीनची नेमणूक व्हावी म्हणून आग्रह धरला. मोठ्या उपकरणांची दुरुस्ती आणि फेरबांधणी मोहसीनच्या हातून झाली होती, हे एव्हरेस्टने डोळ्यांनी पाहिले होते. कंपनीच्या संचालकांना एका हिंदुस्थानी माणसाला ‘मॅथेमॅटिकल इन्स्ट्रुमेंट मेकर’ हे पद देणे जड गेले. पत्रव्यवहार लांबला आणि अखेर १८४० च्या दशकात पद मिळाले. म्हणजे कागद आहेत. त्या काळातल्या सर्वांत कडक परीक्षकाने दिलेला निर्वाळा आहे. तरीही शाळेच्या पुस्तकात एव्हरेस्ट आहे, अलीकडे सर्वेक्षणातला बंगाली गणिती राधानाथ सिकदारही आला, आणि ज्याच्या हातांनी मोजणीची उपकरणे खरी राहिली तो मोहसीन नाही.

सिकदारचे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण नाव गळते तेव्हा दर वेळी ते नकळत गळते असे नाही. १८५१ च्या ‘मॅन्युअल ऑफ सर्व्हेइंग फॉर इंडिया’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सिकदारच्या मदतीचा स्पष्ट उल्लेख होता. तो १८७० साली वारला. १८७५ च्या तिसऱ्या आवृत्तीतून तो उल्लेख काढला गेला, मजकूर मात्र राहिला. या प्रकाराचा निषेध ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या इंग्रजी पत्रानेच केला. छापील ग्रंथात, हयात साक्षीदार असताना हे होऊ शकते, तर पितळेवर कुणी कानस चालवली याची नोंद कोण ठेवणार?

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: आपल्या कारागिरांना सही करायची रीतच नव्हती, ते स्वतःच अनामिक राहिले. हे मला मान्य नाही. लाहोरच्या उपकरणकारांचे अस्तुरलाब (ताऱ्यांचे वेध घ्यायची पितळी तबकडी) आणि तारे कोरलेले आकाशगोल पाहा. अल्लाहदादच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या हे काम चालले, आणि सतराव्या शतकात त्याच घराण्यातल्या जियाउद्दीन मुहम्मदने आपल्या कामावर नाव घातले ते बाप, आजा, पणजा यांच्यासकट. एकोणिसाव्या शतकातला लाहोरचाच बुलहोमल फारसीतही अक्षरे कोरी आणि देवनागरीतही. ही माणसे पूर्ण नावाने सही करत होती. सही बंद झाली ती खात्याच्या भांडारात काम करू लागल्यावर, कारण तिथे वस्तू खात्याची आणि कारागीर पगारपत्रकातली एक ओळ. अनामिकपणा ही आपली परंपरा नव्हती, ती नोकरीची अट होती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अचूकता लंडनची होती, असे आक्षेप घेणारे म्हणतात. वर्तुळाचे अंशांत आणि कलांत भाग पाडणारे यंत्र लंडनमध्ये होते, बाकीचे ठोकाठोकी करणारे. विभाजन यंत्राचे महत्त्व मी कमी करत नाही. १८०२ साली मद्रासेत कुणी रॅम्सडेनची साखळी बनवू शकला असता असा दावाही मी करणार नाही. पण अचूकता हा वस्तूत एकदा भरून ठेवलेला गुण नाही. लॅम्ब्टनकडे दुसरीही साखळी होती. ती मोजायला काढायची नाही, पहिलीशी ताडून पाहायची, एवढ्यासाठीच जपलेली. लंडनचा शिक्का पुरेसा असता तर या दुसऱ्या साखळीची गरजच नव्हती. चाकाचे तर विचारूच नका: खडबडीत रस्त्यावर ते उसळते आणि अंतर जास्त दाखवते, वाळूत घसरते आणि कमी दाखवते, धाव झिजली की परीघ आकसतो, धाव नवी चढवली की वाढतो. ज्या लोहाराने धाव बदलली त्याने मैलच बदलला. त्याने ती बरोबर जाडीची केली म्हणून नकाशा उभा राहिला.

आणि काही साधने तर इथेच जन्मली. सर्वेक्षण खात्याने वेषांतर करून तिबेटात धाडलेला नैनसिंह रावत १८६५-६६ साली ल्हासापर्यंत पावले मोजत गेला तेव्हा त्याच्या हातात जपमाळ होती, पण मणी १०८ नव्हते, १०० होते. दर शंभर पावलांना एक मणी. माळ एकदा फिरली की दहा हजार पावले, म्हणजे दोन हजार पावलांच्या मैलाने पाच मैल. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद. लंडनच्या कुठल्याही दुकानात हे साधन मिळत नव्हते. नैनसिंहाला १८७७ साली रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले आणि तो आज आदराने ओळखला जातो. ज्याने ते मणी ओवले आणि चक्राच्या पोटात जागा केली, तोही सर्वेक्षणाचाच माणूस होता.

आपल्याच बाजूच्या लोकांना एक गोष्ट सांगायला हवी. नावे शोधायची म्हणजे बनवायची नव्हे. मोहसीनबद्दल आताच सांगोवांगीच्या गोष्टी तयार होऊ लागल्या आहेत. त्याने सगळेच केले आणि एव्हरेस्टने काहीच नाही, असा सूर निघतो. त्याने मोहसीनचेच नुकसान होते, कारण त्याचे मोठेपण नेमके कागदांत आहे. जिथे नाव सापडत नाही तिथे ‘स्थानिक लोहाराची दुरुस्ती, एकोणिसावे शतक’ एवढे लिहिले तरी ते खरे असते, आणि आजच्या पाटीपेक्षा कितीतरी जास्त असते.

मग करायचे काय? महाराष्ट्रात ही गोष्ट तातडीची आहे. मोजणी आता इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशनने आणि उपग्रहाधारित रोव्हरने होते, आणि ते चांगलेच आहे. सहा गुंठ्यांचा घोळ त्याने कमी होईल. पण त्याचाच अर्थ असा की साखळ्या, काटकोन काढायचे शंकू, नकाशा काढायचे प्लेन टेबल, जुने थिओडोलाइट कपाटावरून खाली उतरत आहेत. सरकारी वस्तू जडवस्तू नोंदवहीतून निर्लेखित झाली, म्हणजे निकामी म्हणून कमी केली, की ती किलोच्या भावाने जाते. निर्लेखनाच्या नमुन्यात वस्तूचे नाव, नग, खरेदीची किंमत असते. त्यात आणखी एक रकाना घाला: वस्तूवरच्या खुणा. कुठे ठसा आहे, कुठे आद्याक्षरे कोरली आहेत, कुठे वेगळ्या धातूचा तुकडा जोडला आहे, कुठला स्क्रू हाताने केलेला दिसतो. भूकरमापकाला हे अर्ध्या तासात लिहिता येईल, फोटो काढता येईल. जमाबंदी आयुक्तांचे कार्यालय पुण्यात आहे, पुरालेखागार पुण्यात आहे. दोघांनी मिळून या नोंदी एकत्र केल्या तर जुन्या दुरुस्तीच्या बिलांशी त्या ताडून पाहता येतील. लोहार-सुतारांची नावे अशा बिलांतच सापडायची.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या, विज्ञान आणि कारागिरी दाखवणाऱ्या वस्तूही पुरावस्तू ठरतात. मूर्ती आणि चित्रांच्या बाबतीत आपण हे जाणतो. लोखंडी साखळीच्या बाबतीत हे कुणाच्या मनातही येत नाही. १९०५ साली घडलेली साखळी मात्र त्या व्याख्येत बसते, आणि भंगारवाल्याच्या काट्यावर जाण्यापूर्वी कुणीतरी तेवढे पाहिले पाहिजे.

संग्रहालयांकडे माझे एक मागणे आहे: पितळ घासून चकचकीत करू नका. घड्याळे आणि उपकरणे उघडणारे कारागीर आतल्या बाजूला, तबकडीच्या मागे, आपली आद्याक्षरे आणि साल सुईने ओरखडून ठेवत. ती खूण केसाएवढी उथळ असते. चिंच आणि राख लावून दोनदा घासले की गेली. बाहेरचे खोल कोरलेले ‘लंडन’ मात्र प्रत्येक घासणीत अधिक उठून दिसते. जपणुकीच्या नावाखाली आपण एक नाव उजळतो आणि दुसरे पुसतो.

हे सगळे जुन्या काळाचेच आहे असेही नाही. उत्तराखंडात रुरकीला आजही पितळेची जुन्या धाटणीची उपकरणे बनतात: होकायंत्रे, सेक्स्टंट, दुर्बिणी, थिओडोलाइटच्या प्रतिकृती. थॉमसन कॉलेज हे अभियांत्रिकीचे महाविद्यालय आणि गंगेच्या कालव्याचे कारखाने याच गावात होते. आजच्या कारागिरांचा हात चांगला आहे, माल परदेशात जातो. त्यातल्या पुष्कळ वस्तूंवर अजूनही लंडनच्या जुन्या पेढ्यांची नावे आणि व्हिक्टोरियन सने ठोकलेली असतात, कारण गिऱ्हाईक ते मागते. यात घेणारा फसतो, आणि घडवणारा स्वतःच्या कामावरचा हक्क स्वतःच्या हाताने दुसऱ्याला देतो. निर्यातीला मदत करणाऱ्या सरकारी योजनांनी इथे एक साधी अट घालावी: प्रतिकृती असेल तर ‘प्रतिकृती’ असे कोरा, आणि खाली कारखान्याचे नाव, गाव आणि खरे साल. सुरुवातीला विक्री कमी होईल, हे मान्य करूनच ही अट घालावी लागेल, आणि त्या काळात कारागिराला आधार द्यावा लागेल. लाहोरच्या जियाउद्दीनला आपल्या पणज्यापर्यंतची नावे पितळेवर घालता येत होती. रुरकीच्या कारागिराला निदान स्वतःचे घालता आले पाहिजे.